एंटरवरची टिकली

आषाढ पौर्णिमा नऊ दिवसांवर आली आहे. काल माळ्यावरून लॅपटॉपची रिकामी बॅग खाली काढली, चेन ओढली आणि आतून तो वास आला. कर्जतला जून लागला की कापडावर, चामड्यावर, कपाटातल्या पुस्तकांवर पांढुरकी बुरशी धरते, त्यात विशेष काही नाही. पण या बॅगेच्या वासात गेल्या वर्षीच्या तीन महिन्यांची भीती कोंडलेली आहे. मी चेन परत ओढून बंद केली. आईनं विचारलं, "काय गं, झुरळ हाय का?" मी म्हटलं, नाही, काही नाही. बॅग उन्हात टाकावी तर ऊन नाही. शेवटी स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या दोरीवर टांगली.

मी मुळातच भित्री भागूबाई. पाय ओले असले की अजूनही विजेच्या बटणाला हात लावत नाही. खालापूरकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट म्हणून सोळा वर्षं काढली, तरी पडद्यावर 'तुम्हाला खात्री आहे का?' असा प्रश्न आला की मला खात्री नसते. मुलं हसतात. हसू देत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीशी तो सोळा वर्षं लॅबमध्येच बसलेला आहे, आणि त्याच्यामुळे आमच्या लॅबमधली एकही फाइल आजवर हरवलेली नाही.

आमच्या भिसेगावच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन असतं. वर्षावास म्हणतात त्याला. फार पूर्वी भिक्खू पावसाळाभर एका जागी मुक्काम करायचे. आमची माणसं दिवसभर नोकऱ्या करून, भातलावणी करून, संध्याकाळी तासभर एका जागी बसतात. ओल्या छत्र्यांची दारात रास पडते, पत्र्यावर पाऊस वाजत असतो, आणि त्या आवाजाच्या वर चढेल असा एकच आवाज आत असतो. बावीस वर्षं तो आवाज माझ्या वडिलांचा आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

आप्पा रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात पॅनेलवर होते. भिंतभर दिवे, काटे, बटणं आणि त्यांच्यासमोर आठ तास उभं राहायचं. कुठलं बटण कुठे आहे हे हाताला ठाऊक असायला हवं, डोळ्यांनी शोधत बसलास तर मेलास, असं ते सांगायचे. घरातही तोच शिरस्ता. काडेपेटी फळीच्या डाव्या कोपऱ्यात, चष्मा रेडिओवर, पावसाळी चपला उंबऱ्याच्या उजवीकडे. आईनं एकदा मिठाची बरणी हलवली तर दोन दिवस अबोला होता. लहानपणी मला हा त्रास वाटायचा. नंतर लक्षात आलं की त्या माणसानं अंधाराची तयारी आधीच करून ठेवली होती, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

काचबिंदूचं निदान पनवेलला झालं, त्याला आता हा तिसरा पावसाळा. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि कडेनं पेन्सिल फिरवत काळा करत आत आले. मधोमध चण्याएवढी पांढरी जागा ठेवली. म्हणाले, "नजर अशी कडेनं जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली सांभाळायची." थेंब लिहून दिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं वय काय?" मी चाळीस सांगितलं. "तुम्हीही तपासून घ्या. हा आजार घरात उतरतो." मी मान डोलावली. दवाखान्याच्या सात पायऱ्या आप्पांचा हात धरून उतरले, आणि तपासणी मात्र आजपर्यंत केलेली नाही. कधी परीक्षा होत्या, कधी प्रवेश होते, कधी आईचा गुडघा होता. खरं कारण मला माहीत आहे. पेन्सिल फिरताना मी पाहिली होती.

कडेनं जाणाऱ्या नजरेची गंमत अशी, गंमतच म्हणायची, की ती लोकांच्या लक्षात येत नाही. समोर धरलेलं तिकीट आप्पा वाचायचे आणि बाजूला उभ्या केलेल्या सायकलवर जाऊन आदळायचे. लोक म्हणायचे, म्हातारा तंद्रीत चालतो. आप्पा म्हणायचे, म्हणू दे. घरात त्यांनी आईला आणि मला बजावलं होतं, "आळीत कुनाला बोलायचं नाय. कळलं की वाचन काढून घेतील. तोंडावर नाय काढनार, मानानं काढतील. आराम करा म्हनतील." मग म्हणाले, "वाचन गेलं तर मी काय करू गं? निस्ता बसून ऱ्हाऊ?"

माझ्या वडिलांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कारखान्यात वायू सुटल्याचा भोंगा वाजला तेव्हासुद्धा ते घरी येऊन आधी जेवले होते.

त्या पहिल्या वर्षी पुस्तक डोळ्यांशी धरून, टॉर्च लावून त्यांनी कसंबसं निभावलं. पुढच्या उन्हाळ्यात छापील अक्षर पार विरघळलं. तेव्हा मला लॅपटॉप सुचला. रोजची पाच-सहा पानं मी टाइप करायची, अक्षरं मोठी करायची, आप्पांनी विहारात समोर ठेवून वाचायची. हल्ली सगळे पडद्यावरूनच वाचतात, कुणाला संशय येणार नाही. मी खूश झाले. घरी पहिल्या दिवशी अक्षर एवढं मोठं केलं की एका शब्दानं पडदा भरला. आप्पा बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "नुसता काना दिसतोय."

चण्याएवढ्या भोकातून हत्तीएवढं अक्षर कसं दिसणार? एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यांना हवं होतं ते उलटं. मध्यम अक्षर, ओळीत तीनच शब्द, पडद्याच्या बरोबर मधोमध, आणि बाकी सगळं काळं. पांढरा उजेड तर अजिबात नको. पांढऱ्यानं डोळ्यांत सुया टोचतात म्हणायचे. लॅपटॉपमध्ये होती ती जुनी, विकतची सिस्टीम. तिनं अक्षरं पिवळी करू दिली, पाटी काळी करू दिली, पण खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, मध्येच उगवणाऱ्या सूचना यांच्यावर तिचाच हक्क. एके संध्याकाळी घरी सराव चालला होता. आप्पा लयीत आले होते, आणि अचानक सगळा पडदा पांढराशुभ्र झाला. ही सिस्टीम आता जुनी झाली, यापुढे तिला दुरुस्त्या मिळणार नाहीत, नवं यंत्र घेण्याचा विचार करा, असं काहीतरी त्यावर होतं. आप्पांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी झाकण खटकन मिटलं, पण माझ्या मनात ते विहारातच घडून गेलं होतं. साठ माणसं समोर बसलेली आणि आप्पा तोंड झाकून बसलेले.

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या शेख मॅडम आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं नाही, एका नातेवाइकाची नजर कमी आहे एवढंच म्हटलं. त्यांनी ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून दिला. "जुन्या सिस्टीमच्या जागी लिनक्स टाक. फुकट आहे, आणि कुणाच्या मालकीचं नाही. पट्टी नको तर काढ, घड्याळ नको तर काढ, बटणांची कामं बदल. तुला पाहिजे तसं घर बांध." मी निघाले तेव्हा मागून म्हणाल्या, "एक सांगू? यात सगळं बदलता येतं, म्हणून सगळं बदलत बसू नकोस. मी तीन वर्षं बदलत होते. काम काहीच केलं नाही."

लिनक्स एक नाही, त्याच्या शेकड्यानं तऱ्हा आहेत हे मला पुस्तकी माहीत होतं. प्रत्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा मात्र धडकी भरली. पेन ड्राइव्हवरून एकेक लावून पाहायची सोय होती. एक तर हुबेहूब जुन्या सिस्टीमसारखं दिसत होतं. एकात फक्त काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ, पुढचं सगळं आपण लिहून सांगायचं. एक सुंदर होतं पण आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला धाप लागली. शेवटी एक सापडलं, त्यात जिथे बोट ठेवावं तिथे बदल करता येत होता. खिडकीची कड किती जाड, बाण केवढा, कुठल्या कोपऱ्यात काय, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं. एक पान उघडलं की त्यात दहा पानं. एरवी आपण रडतो, हे बदलता येत नाही, ते बदलता येत नाही. सगळंच बदलता येतं म्हटल्यावर मी ते पान मिटून टाकलं. आता काही चुकलं तर दुसऱ्या कुणाला बोल लावता येणार नव्हता.

जुनं पुसून नवं कायमचं बसवायचं त्या दिवशी रविवार होता. पळसदरीच्या धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न स्टेशनच्या बाजूनं ऐकू येत होते. पडद्यावर ओळ आली, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. फोटो, बिलं, प्रमाणपत्रं सगळं मी दोन ठिकाणी काढून ठेवलं होतं, तीनदा तपासलं होतं, आणि तरी बोट खाली जाईना. आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. ऐकण्यासारखं काही नव्हतं, मी थांबलेली होते तेच ते ऐकत असावेत.

"काय झालं?"

"भीती वाटते, आप्पा. आतलं सगळं जाईल."

"तुज्या आज्यानं देवाचे टाक नदीत सोडले तवा मी सात वर्साचा व्हतो," आप्पा म्हणाले. "दीक्षा घेऊन आला आनि दुसऱ्या दिशी सकाळी फडक्यात बांधून निघाला. मी संगं गेलो व्हतो. फडक्याची गाठ सोडायला त्याला लई येळ लागला. पुढं वरीसभर घरात कोन शिंकला तरी आजी त्याच्याकडं बघायची. भ्या त्यालाबी वाटत व्हतं गं. पर सोडले."

एवढ्या मोठ्या गोष्टीची आणि एका जुन्या लॅपटॉपची बरोबरी मी कधी केली नसती. आप्पांनीच केली म्हणून लिहिते. मी बटण दाबलं.

मग आठवडाभर मी बिऱ्हाड रिकामं करावं तसं त्या पडद्यावरचं एकेक सामान बाहेर काढलं. पट्टी गेली, घड्याळ गेलं, चित्रं गेली, सूचनांची तोंडं बंद केली. काळ्या पाटीवर मधोमध पिवळे तीन शब्द, दुसरं काही नाही. उजव्या कडेचं एंटर दाबलं की पुढची ओळ, त्याच्या खालचं शिफ्ट दाबलं की मागची. बाकीची सगळी बटणं झोपवून टाकली, चुकून हात लागला तर काही होऊ नये म्हणून. पण एंटर, त्याच्या वरचं आणि त्याच्या खालचं, तिन्ही बोटाला सारखीच लागायची. तेव्हा आईनं उठून आरशावरची तिची एक टिकली काढून आणली. मध्ये छोटा खडा असलेली, लग्नाकार्यात लावते ती. एंटरवर चिकटवली. आप्पांनी बोट फिरवलं, खडा लागला, बोट तिथेच थांबलं. "आता कसं," म्हणाले, "पॅनेल झालं."

वर्षावास सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. रोज खालापूरहून स्कूटीनं परत येताना पळसदरीच्या वळणावर पाऊस गाठायचा, आणि भिजण्यापेक्षा मला वेळेची धास्ती असायची. सहा वाजता घर, सव्वासहाला बॅटरी पाहायची, साडेसहाला विहारात चौरंगावर लॅपटॉप मांडायचा, मग घरी येऊन आप्पांना घेऊन जायचं. वीज तर रोजच जायची. बॅटरी सव्वा तास टिकते हे मी घड्याळ लावून मोजलं होतं. वाचनभर मी भिंतीला पाठ टेकून बसायची आणि एक शब्द कानात शिरायचा नाही. पंखा बंद पडला का? पडद्याचा उजेड कमी झाला का? आप्पा मध्येच थांबले ते श्वासासाठी की ओळ हरवली म्हणून? कुणी जवळ येऊन पडद्यात डोकावलं की माझे कान गरम व्हायचे. ज्या विहारात निर्भय व्हायचं शिकवतात तिथे दोन महिने मी चोरासारखी बसले.

त्या काळात आणखी एक कळलं. मराठीत आंधळ्यांवर म्हणी फार. आंधळं दळतंय, आंधळा मागतो, आंधळ्याची माळ. लॅबमध्ये, बाजारात, कुणाच्याही तोंडून सहज यायच्या आणि प्रत्येक वेळी मी चमकून आप्पा आसपास आहेत का ते पाहायची. ते नसले तरी पाहायची.

भाद्रपद पौर्णिमेला विहार भरलेला होता. पांढऱ्या साड्या, मुलांची गडबड, खिरीच्या पातेल्यावर झाकण. मी नेहमीसारखा लॅपटॉप मांडला, उघडला, पान लावलं आणि आप्पांना आणायला गेले. आलो तेव्हा माणसं बसली होती. कमलमावशी, म्हणजे विहाराची झाडलोट करणाऱ्या आमच्या शेजारीण, फडकं झटकून बाजूला झाल्या. त्रिशरण-पंचशील झालं. आप्पांनी घसा खाकरला, समोरचे तीन शब्द वाचले आणि बोट उजव्या कडेला नेलं.

बोट थांबलं नाही. खाली गेलं, वर आलं, परत खाली. त्यांनी एक बटण दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं, काही नाही. ती मीच तर झोपवली होती. आप्पांनी तेच तीन शब्द परत वाचले, जणू ठासून सांगायचे होते. मग तिसऱ्यांदा वाचले. तिसऱ्यांदा आवाज खाली आला.

मी चार हातांवर होते. उठून गेले असते, त्यांचं बोट धरून एंटरवर ठेवलं असतं, तर एका क्षणाचं काम होतं. पण उठले तर सगळ्यांना कळणार, आणि नाही उठले तर आप्पा बुडणार. मी तो हिशेब करत बसले. भीतीनं माणूस पळतो असं म्हणतात. मला तर तिनं जागेवर खिळवलं. आप्पांचं बोट त्या बटणांवरून फिरताना मला दिसत होतं आणि मी उठले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आप्पांनी हात उचलून मांडीवर ठेवला. म्हणाले, "मला बटन गावत नाय." पत्र्यावर पाऊस होता म्हणून मागच्यांना ऐकू गेलं नसावं. मग त्यांनी मान वर केली आणि वाचनाच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दिसत नाय. दोन वर्सं झाली."

एक पोरगं खोकलं, तेवढंच.

"अगं बाई!" कमलमावशी बायकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "त्या मशीनवरची टिकली तुमची व्हती व्हय? मला वाटलं, कुना बाईची पडली. पौर्णिमा हाय म्हनून पुसून घेतलं आनि ती लावली तिकडं खिडकीला." त्या खरंच खिडकीपाशी गेल्या, चौकटीवरून नखानं टिकली काढली आणि बोटाच्या टोकावर धरून विचारलं, "कुटं लावायची?"

वीज, बॅटरी, पांढरा पडदा, सगळ्याला माझं घाबरून झालं होतं. बायकांची कुठेही पडलेली टिकली उचलून चौकटीला लावायची सवय, जी मलाही आहे, ती मात्र माझ्या यादीत नव्हती.

कमलमावशी पुढे आल्या आणि आप्पांच्या समोर बसल्या. "भाऊ, दिसत नाय ते आमाला ठावं हाय. गेल्या वर्साला तुमी एकच पान दोन दिस वाचलंत. आमी दोन दिस ऐकलं."

"मग बोलला का नाय?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून."

आप्पा हसले की काय झालं ते मला नीट कळलं नाही. त्यांचे खांदे हलत होते. तेव्हा कुठे माझे पाय सुटले. मी जाऊन टिकली घेतली, पण दमट हवेनं आणि दोनदा काढण्यानं तिचा डिंक गेला होता, एंटरवर धरेना. आई मागून गुडघ्यावर हात ठेवत आली. पौर्णिमेची म्हणून तीही खड्याची लावून आली होती. तिनं कपाळावरची काढली आणि बटणावर दाबून बसवली. आप्पांनी बोट ठेवलं आणि चौथ्या शब्दापासून वाचायला लागले.

घरी जाताना मी वाट पाहत होते, ते विचारतील, तू का नाही उठलीस? माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालत होते, डबकी मी सांगत होते. त्यांनी विचारलं नाही. दारात चपला उंबऱ्याच्या उजवीकडे काढल्या आणि म्हणाले, "ती टिकली नेलपॉलिशनं पक्की कर. डिंकाचा भरवसा नाय." मी उठले नाही हे त्यांना दिसलं नव्हतं. ठाऊक असणार.

वाचन कुणी काढून घेतलं नाही. आश्विन पौर्णिमेपर्यंत आप्पांनीच वाचलं. उलट बायका मोकळेपणी सांगायला लागल्या, भाऊ, ही वळ व्हऊन गेली, पुढची घ्या. लॅपटॉपवरून डोकं काढून मी शेवटचा महिना खरंच ऐकला. पण माझी भीती मात्र गेली नाही. सगळ्यांपासून लपवायचं एक ओझं उतरलं, आणि त्याच्या खाली दुसरं होतं ते उघडं पडलं.

या वर्षी ओळीत दोनच शब्द मावतात. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. मेपासून मी नव्यानं मांडामांड करते आहे. पिवळं थोडं गडद केलं, ओळींमधली जागा वाढवली. पुढच्या वर्षी कदाचित एकच शब्द राहील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी यंत्र कानात बोलेल आणि आप्पा मागून म्हणतील. तीही सोय आहे, मी लावून पाहिली. तो आवाज ऐकून आप्पा म्हणाले, "ह्याला सर्दी झाली काय?" आईला हसू आवरेना. मीही हसले.

एक गोष्ट मात्र मी घरात सांगितली नव्हती. त्या लॅपटॉपमध्ये आप्पांच्या नावाशेजारी मी आणखी एक खातं उघडलं आहे, सुजाता नावाचं. माझं. तीच काळी पाटी, तेच पिवळे शब्द, एंटरला पुढे, शिफ्टला मागे. दुपारी दोघं पडले की मी ते उघडते, डोळे मिटते आणि सराव करते. कशासाठी, असं स्वतःला विचारलं नाही. महिन्याभरापूर्वी स्कूटी लावताना कठडा दिसला नाही, आरसा आदळला. कठडा अरुंद आहे, अंधारून आलं होतं, कुणालाही लागला असता. मी स्वतःला असं समजावते, आणि दुपारी येऊन डोळे मिटून बसते.

आज दुपारीही बसले होते. शेगडीपाशी बॅग टांगलेली, तिचा वास अजून होता. खडा शोधायचा, दाबायचं, मोजायचं, परत शोधायचा. आप्पा आतल्या खाटेवर पडले होते, झोपले असं मला वाटलं होतं.

"सुजे."

"काय आप्पा?"

"डोळे मिटून करतीस ना गं?"

"नाही. पुढची पानं टाइप करतेय."

"खोटं बोलू नको. बघून दाबनाऱ्याचं बोट थांबत नाय. तुजं थांबतंय. माजं थांबायचं तसं." खाट करकरली. ते उठून बसले असावेत. "डॉक्टर काय बोलला व्हता ते मी ऐकलं व्हतं. मी तिथंच व्हतो ना. तू जाऊन आलीस का?"

शेगडीवर दूध होतं, ते वर यायला लागल्याचा आवाज येत होता.

"सोमवारी जाऊ पनवेलला. मी येतो संगं."

"तुम्ही कशाला? पावसाचं. मी जाईन एकटी."

"तू नाय जायची," आप्पा म्हणाले. "भितीस तू. तिथल्या सात पायऱ्या मला पाठ हायेत. मी हात धरीन."

मी डोळे उघडले आणि दूध उतरवायला गेले.